पांढऱ्या पिसावरचं कुंकू

फिलूबायने माझ्याकडे कुंकू मागितलं तेव्हा मी डिशवॉशर रिकामा करत होते. हातातली बशी हातातच राहिली. वसईची पक्की कॅथलिक, दर रविवारी मिस्सेला जाणारी, साठी उलटलेली बाई सकाळी मागच्या दाराने आत येते आणि म्हणते, "पुणेकरीण, तुझं कुंकू दे गो थोडं."

"कुणाला लावायचंय?"

"बाणाला."

फिलूबायच्या शेजारी राहून माणसाला धक्क्यांची सवय होत असेल असं कुणालाही वाटेल. होत नाही. मी नोकरीत मालाची ने-आण बघते. घरी फ्रिजवर आठवड्याची यादी असते आणि ती बहुधा पूर्ण होते. फिलूबाय माझ्या कुठल्याच यादीत बसली नाही. आमची ओळखसुद्धा अशीच झाली, धक्क्याने.

कॅनडातल्या केंब्रिजमधलं आमचं घर जोडघर होतं. मधली भिंत एक, अलीकडे आम्ही, पलीकडे ते. राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात बेसमेंटमध्ये कपडे धुताना मला भिंतीतून आवाज यायचा. धप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्. पाइप असेल म्हणून प्लंबरला दाखवलं. तो म्हणाला, पाइप नाही. म्हणून एका शनिवारी पलीकडची बेल वाजवली. ॲप्रन घातलेल्या एका हसऱ्या म्हाताऱ्याने दार उघडलं. घरभर भाजलेल्या मसाल्याचा वास होता. मी इंग्रजीत तक्रार सुरू केली, तर तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "ती खाली आहे. जा तू. पण कडेकडेनं जा."

हा पास्कू, तिचा नवरा. कडेकडेने का जायचं हे त्याने सांगितलं नाही.

खाली गेले आणि जिन्यावरच थिजले. मॅक्सीवर स्वेटर, डोक्याला लोकरीची टोपी, पायात जाड मोजे, अशी एक बुटकी बाई धनुष्य ताणून उभी होती. धनुष्य म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं तसलं नव्हे. दोन सायकलींची टक्कर झाल्यावर उरावं तसं काहीतरी: दोन्ही टोकांना चाकं, मधून केबली, दोरी, स्क्रू. समोरच्या भिंतीशी फोमचा मोठा ठोकळा, त्याच्या शेजारी घर तापवणारा फर्नेस, आणि फर्नेसच्या वर वेलंकणी मातेची तसबीर. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तिथंच थांब." धप्. मग वळली. "आवाजाचं सांगायला आलीस ना? पुण्याची तू."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ड्राइव्हवेमध्ये उभी राहून फोनवर भांडतेस. सगळ्या गल्लीला कळलंय. फक्त मला भाषा कळते."

तक्रार राहिली बाजूला. त्या दिवशी मी वर बसून चहा पिऊन आणि केक खाऊन आले.

फिलूबाय मुंबईत इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून इकडे आलेली. गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीमध्ये लागली आणि तिथूनच सुपरवायझर म्हणून निवृत्त झाली. गाडीचं दार बंद होण्याच्या आवाजावरून बिजागरीत काय चुकलंय ते ती सांगायची, असं पास्कू अभिमानाने सांगे. "माझी चप्पल वाजली तरी ती सांगते मी कुठून आलो," असंही म्हणे. शिकारीला कारखान्यातल्याच कुणीतरी पहिल्यांदा नेलं आणि तिला त्याचं वेड लागलं. मी शाकाहारी. एकदा धीर करून विचारलं, की जिवंत हरणावर बाण कसा सोडवतो? ती म्हणाली, "वसईला आमच्या घरी डुकरं होती. ज्याला सकाळ-संध्याकाळ खायला घातलं त्यालाच नाताळात कापायचं. इथं निदान ओळख नसते."

वर्षाला एक हरीण, त्याचं मांस त्यांच्या फ्रीझरमध्ये, पास्कूच्या हातचं आंबट-तिखट रश्शाचं इंदियाल, आणि माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात त्याच मसाल्यातले बटाटे. असं चालायचं.

तिचा एकच नियम होता: एका वेळी एकच बदल. तो मला कसा शिकवला तेही सांगते. वसंतात बर्फ वितळला आणि आमच्या बेसमेंटमध्ये पाणी आलं. मी एका शनिवारात सगळं उरकलं. पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचा होज बदलला, छताच्या पन्हळी साफ करून घेतल्या, भिंतीतली चीर बुजवली. पाणी थांबलं. मी तिला खाली नेऊन कोरडी जमीन दाखवली.

"कशानं थांबलं?" तिने विचारलं.

"त्याने काय फरक पडतो? थांबलं ना."

"थांबलं म्हणजे कळलं नाही," असं म्हणत ती वाकली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने नवा होज उपटून काढला. मी ओरडले. अक्षरशः ओरडले. ती म्हणाली, "पाऊस आहे उद्या. बघू." दुसऱ्या दिवशी माझ्या बेसमेंटमध्ये पुन्हा पाणी. फिलूबाय गमबूट घालून त्यात उभी, चेहऱ्यावर समाधान. "होजच होता. आता कळलं." मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण तेव्हापासून घरात काही बिघडलं की मी एका वेळी एकच गोष्ट बदलते, हेही खरं.

मग तो ऑक्टोबर आला. फिलूबाय शिकारीहून परतली आणि सरळ आमच्या मागच्या दारात आली. चिखलाच्या बुटांसकट आत. दुसऱ्याच्या घरात बूट न काढता पाऊल टाकणाऱ्याला ती जंगली म्हणायची, त्या बाईने माझ्या टाइल्सवर चिखल केला आणि खुर्चीत बसली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, पास्कूला काहीतरी झालं.

"बाण नीट गेला नाही," ती म्हणाली.

बाण सुटताना त्याच्या शेपटीला हिसका बसला होता. छातीत लागायचा तो मागे, पोटात लागला. हरिणी पळाली. फिलूबाय अंधार पडेपर्यंत माग काढत फिरली. पावसाने रक्त धुऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा गेली, तेव्हा ती सापडली. पण कोल्हे आधी पोचले होते. आणि फिलूबायला जमिनीवरच्या खुणांवरून दिसलं होतं, की हरिणी लगेच मेली नव्हती.

हे सगळं तिने सपाट आवाजात सांगितलं. मी पाणी दिलं. ते तिने घेतलं नाही.

त्या रविवारी ती पापनिवेदनाला गेली. परत आली ती संतापून. "फादर विचारतो, लायसन्स होतं का! अरे बाबा, मी पाप सांगतेय, तू लायसन्स विचारतोस?" पास्कू हसला. मीही हसले. ती नाही हसली. तिने आम्हा दोघांना सांगून टाकलं, की बाण का हिसकला हे कळेपर्यंत ती जंगलात जाणार नाही. धनुष्याचा दोष असेल तर दुरुस्त करीन. माझा असेल तर संपलं.

"तुझा कसा असेल?" पास्कू म्हणाला. "इतकी वर्षं मारतेस."

"म्हणूनच बघायला पाहिजे."

तो सगळा हिवाळा आणि पुढचा उन्हाळा भिंतीतून धप् धप् येत राहिलं. कधी बाण सरळ जायचा, कधी शेपूट हलवत. एकेक गोष्ट बदलायची, पुन्हा मारायचं. दोरी बदलली. बाण बदलले. शेवटी धनुष्यबाणांचं दुकान चालवणाऱ्या डगने शंका काढली, की पीस घासत असणार.

बाणाच्या शेपटीला प्लास्टिकची तीन पिसं असतात. धनुष्यातून सुटताना त्यातलं एखादं, ज्यावर बाण टेकवतात त्या रेस्टला किंवा बाजूच्या केबलला नुसतं निसटतं लागलं, तरी बाणाची शेपटी फेकली जाते. डोळ्याला ते दिसत नाही, क्षणार्धात होतं. म्हणून पावडर मारून बघतात, की कुठे पुसली गेली. डगने पायाला मारायची स्प्रेची पावडर वापरली. फिलूबायला ती पटली नाही. ती हवेनेच उडते, मग पुसली कशाने हे कसं कळणार? तिला असं काही हवं होतं, जे रेस्टला आणि केबलला लावलं की ज्याला शिवेल त्याच्यावर डाग सोडेल.

तेव्हा तिला माझं कुंकू आठवलं. त्या जानेवारीत मी तिला हळदीकुंकवाला बोलावलं होतं. "तू लावलंस ते रविवारपर्यंत निघालं नव्हतं," ती म्हणाली. "मिस्सेला सगळे माझ्या कपाळाकडे बघत होते. तसलं दे. आणि पांढरी पिसं आणलीत मी."

देवापुढच्या करंड्यातलं कुंकू शिकारीच्या बाणाला! मी ऐकून घेतलं, मग कपाटातलं न फोडलेलं पाकीट काढलं. आणि माझं कुंकू कुठे जातं ते बघायला म्हणून तिच्याबरोबर डगच्या दुकानात गेले.

डग उंचीने फिलूबायइतकाच. त्यामुळेच ती त्याच्याकडे जायची. धनुष्य माणसाच्या मापाचं असतं, आणि हा तिच्या मापाचा एकमेव दुकानदार. दुकानाच्या मागे बाण मारायची लांब खोली. फिलूबायने पिशवीतून पास्कूचा केकच्या भांड्याला तूप लावायचा ब्रश काढला आणि केबलला, रेस्टला हलक्या हाताने कुंकू लावलं. डग बघत राहिला. "फिल, हे काय आहे?"

"मेकअप," ती इंग्रजीत म्हणाली.

तिने बाण सोडला. आम्ही तिघंही ठोकळ्याकडे गेलो. पांढऱ्याशुभ्र पिसांपैकी एकावर कडेला लाल रेघ होती. बारीक, स्वच्छ.

"लागतंय!" फिलूबाय ओरडली. तिने मला मिठी मारली. मिठी मारणारी बाई नव्हे ती. "लागतंय गो! धनुष्याचंच आहे! माझं काही नाही!" त्या खोलीत ती दहा वर्षांनी लहान दिसली. महिनाभरात शिकारीचा मोसम सुरू होणार होता. ती लगेच पास्कूला फोन करून म्हणाली, "फ्रीझर साफ कर."

मग डग कामाला लागला. रेस्ट केसभर सरकवली. पिसं पुसली, कुंकू ताजं केलं, तिने बाण मारला. लाल. रेस्ट परत जागेवर. दोरीतला बाण थोडा फिरवला, म्हणजे पिसांची दिशा बदलते. बाण मारला. आता दुसरं पीस लाल. डग डोकं खाजवायला लागला. "असं व्हायला नको. जागा भरपूर आहे."

"तू मार," फिलूबाय म्हणाली.

डगने तिचंच धनुष्य घेतलं, तिचाच बाण. मारला. पिसं पांढरी. पुन्हा मारला. पांढरी. फिलूबायने धनुष्य घेतलं. लाल.

मला तेव्हा कळलं. मी काहीतरी बोलून गेले, "ब्रशवर जास्त आलं असेल."

ती माझ्याकडे वळली. "पुणेकरीण, काय बदललं?"

मी ब्रश उचलून बघायला लागले.

"यादी करतेस ना सगळ्याची? सांग. धनुष्य तेच. बाण तोच. कुंकू तुझंच. काय बदललं?"

"माणूस," मी म्हणाले.

डगने घाईने समजावलं, की पकडीची चूक असेल, सगळ्यांची होते. धनुष्य मुठीत आवळायचं नसतं, तळव्यावर नुसतं टेकवायचं असतं. मूठ आवळली की धनुष्य वळतं आणि केबल बाणाच्या वाटेत येते. तिला हे ठाऊक होतं. तिनेच कारखान्यातल्या कितीतरी जणांना ते शिकवलं होतं. "मी हात उघडाच ठेवते," ती म्हणाली.

"नाही, फिल. सोडताना तू मिटतेस."

"मिटत नाही."

या वेळी तिने निशाणाकडे बघितलंच नाही. दोरी ताणली आणि धनुष्य धरलेल्या स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बाण सोडला. आम्हीही तिकडेच बघत होतो. बाण सुटायच्या आधी बोटं मिटली, हळूहळू, एकेक करून, आणि अंगठा थरथरत राहिला. बाण ठोकळ्यात घुसला. ती हाताकडेच बघत होती. दुसऱ्या कुणाचा हात असावा तशी.

"मी सांगितलं नाही त्याला," ती म्हणाली.

डगने खुर्ची आणली. ती बसली नाही. ब्रश धुतला, पिशवीत ठेवला, लाल रेघेचा बाण वर्तमानपत्रात गुंडाळला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "चालतानासुद्धा हा हात हलत नाही. पास्कू म्हणायचा, ऐटीत चालतेस."

तो बाण ती डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी अंगठ्यावर बोट भराभर टेकवायला सांगितलं, कॉरिडॉरमध्ये चालवलं आणि तिला स्पेशालिस्टकडे पाठवलं. पार्किन्सन्सच निघाला. हे मला पास्कूने सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या हातातला चाकू काढून घेऊन आधी मला बसवून. मी बसूनही हादरले. हा कणखर हात, ज्याने माझा होज उपटला होता! मी धावत पलीकडे गेले, तर फिलूबाय शांतपणे मटार सोलत होती. उजव्या हाताने.

"लवकर कळलं ना, फिलूबाय," मी म्हणाले. "औषधं आहेत आता."

"हो. पण कळलं म्हणजे थांबलं नाही," ती म्हणाली आणि मटार माझ्याकडे सरकवले. "सोल."

मोसम सुरू झाला आणि संपला. ती गेली नाही. डगने धनुष्य यंत्रात दाबून त्याची दोरी उतरवली आणि तिने ते फर्नेसजवळ टांगलं, वेलंकणी मातेच्या खाली. फ्रीझर रिकामा झाला. पास्कू दुकानातली कोंबडी आणून त्याच मसाल्यात करायचा. ती खायची आणि म्हणायची, "ही कधी पळालीच नाही रे." भिंतीतून धप् येईना. कपडे धुताना मला ती शांतता सहन होत नसे. मी खाली रेडिओ लावायला लागले.

जानेवारीत मी हळदीकुंकू केलं. त्यांच्या घरावर तोवर विक्रीची पाटी लागली होती. मुलीकडे, रेजिना शहरात जायचं ठरलं होतं. तिकडे जिने नसलेलं घर होतं. फिलूबाय येईल की नाही असं वाटत होतं, पण आली. इतर बायकांमध्ये सोफ्यावर ताठ बसली, तिळाच्या वड्या खाल्ल्या, कुणाच्या तरी किचनचं नूतनीकरण कसं चुकलंय ते तिला स्पष्ट सांगितलं. मी करंडा घेऊन तिच्यासमोर आले, तर तिने कपाळ मागे घेतलं आणि डावा हात पुढे केला, तळवा वर.

"इथं लाव. खरं ह्यानंच सांगितलं."

मी बोट लावलं, तर म्हणाली, "चांगलं लाव. कंजूषपणा नको." मी चिमूटभर कुंकू तिच्या तळव्यावर घातलं आणि तिने ते उजव्या हाताने बोटांपर्यंत चोळलं.

थोड्या वेळाने पास्कू तिला न्यायला आला. तो चर्चच्या गायकवृंदाच्या सरावाहून सरळ आलेला, अंगात पांढरा सदरा, वरचं जाकीट उघडं. आमच्या पायऱ्यांवर मीठ टाकलं होतं, पण त्यांच्या बाजूला बर्फ चकाकत होता. मी दारात उभी राहून बघत होते. ड्राइव्हवेच्या मध्यावर तिचा पाय सरकला. ती पडली नाही. तिने त्याला धरलं, जाकिटाच्या आत, छातीपाशी, सदराच मुठीत घेतला. तो घट्ट उभा राहिला. मग हात सुटेना. मला इथून दिसत होतं, ती हात सोडवायचा प्रयत्न करतेय आणि हात ऐकत नाहीये. पास्कूने घाई केली नाही. तिची बोटं एकेक करून उलगडली.

तिचा हात निघाला आणि मी किंचाळले. त्याच्या छातीवर लालभडक डाग होता. मला खरोखर रक्त वाटलं. मग कळलं.

"पास्कू, थंड पाण्याने धुवा! लगेच! नाहीतर निघणार नाही!"

दोघांनीही ऐकलं नाही. फिलूबायने त्याला उन्हाकडे वळवलं, सदऱ्याचं कापड दोन्ही बाजूंनी ताणलं आणि वाकून बघायला लागली.

"बघ," ती म्हणाली. थंड कोरड्या हवेत तिचा आवाज माझ्यापर्यंत स्वच्छ आला. "अंगठा पूर्ण लागलाय. ही तीन बोटंही. करंगळी लागलेलीच नाही, म्हणजे ती मिटली नाही."

"कुठं?"

"अरे इथं. पांढरंच आहे."

पास्कूनेही हनुवटी छातीला टेकवून खाली बघितलं. कानाला बोचणारी थंडी होती. माझ्या मागे घरात बायका दार लाव म्हणून ओरडत होत्या. मी दार धरून तशीच उभी होते, आणि ड्राइव्हवेच्या मध्ये, बर्फावर, ती दोघं त्या डागावर डोकं घालून उभी होती.